आधी नाही, मग चहा

आमच्या तालुक्यात एखाद्याचे काम फिसकटले की जुनी माणसे अजूनही 'त्याला चहा मिळाला' असे म्हणतात. परगावच्या माणसाला हे उलटे वाटते. चहा मिळणे ही आगतस्वागताची गोष्ट. तिच्यात हळहळण्यासारखे काय आहे? हा वाक्प्रचार रूढ होत होता तेव्हा मी तिथे होते आणि ज्यांच्यामुळे तो रूढ झाला त्यांच्या हाताखाली माझी नोकरी सुरू झाली, एवढ्याच अधिकारावर हे लिहीत आहे. मी त्यांच्या फार जवळची नव्हते. त्यांच्या जवळचे असे कुणी होते का, हेही मला नीटसे सांगता येणार नाही.

ते आमच्या सहकारी दूध संघाचे व्यवस्थापक होते. गाव गेवराईकडचे, गोदाकाठचे. प्राथमिक शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूत झालेले, त्यामुळे अर्जाला ते शेवटपर्यंत दरखास्त म्हणत. उंच, पुढे किंचित झुकलेले, आणि हातात बारमाही काळी छत्री. मी रुजू झाले ते वर्ष दुष्काळाचे, आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. कुणी चेष्टेने विचारी, "साहेब, पाऊस कुठं लागला?" ते थांबून उत्तर देत, "वरनं पडतंय ते काय हाय मग? ऊनच हाय न्हवं? ते काय कमी भिजवतंय?"

संध्याकाळी कार्यालय सोडताना ते 'जातो' म्हणत. आपल्याकडे निरोप घेताना 'येतो' म्हणण्याचा रिवाज आहे. 'जातो' हा शब्द अशुभ. संघाचे म्हातारे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांना तो शब्द रोज टोचे.

"साहेब, येतो म्हना हो. तोंडानं कावून वंगाळ बोलता?"

"मी जातोय का येतोय?"

"जाताय."

"मग? उद्या येईन तवा आलो म्हनून सांगंन."

मामा त्यांच्या पाठीला उद्देशून पुटपुटत, "या, या." रोजचा हा संवाद इतका ठरलेला होता की त्यावर आम्ही घड्याळ लावू शकलो असतो.

चहाची रीत अशी होती. कुणी काम घेऊन आला की ते डोळे मिटून त्याचे सगळे बोलणे ऐकत. मध्ये एक शब्द बोलत नसत. काम होण्यासारखे असेल तर डोळे उघडून "झालं. जावा," एवढेच म्हणत. त्या माणसाला चहा नाही, पाणी नाही, बसा म्हणणेही नाही. काम होण्यासारखे नसेल तर म्हणत, "न्हाई." मग एका वाक्यात कारण. आणि त्यानंतर समोरच्या खुर्चीकडे हात करून, "बसा. मामा, चहा आना."

मामांचा यालाही आक्षेप होता. त्यांच्या मते आल्यागेल्याला आधी चहा द्यावा, मग कामाचे बोलावे. व्यवस्थापक म्हणत, "आधी चहा दिला की मानसाला वाटतं काम झालं. आन् ज्याचं झालं त्याला कशाला चहा? त्यो खुशीतच हाय. ज्याचं न्हाई झालं त्याला आता उन्हातान्हात माघारी जायाचंय. त्याला नगं का?"

त्यांच्या खोलीची खिडकी अंगणात उघडत असे. अंगणातल्या लिंबाखाली दूध संस्थांची माणसे ताटकळत बसलेली असत आणि आत कुणाच्या हातात पेला दिसतो याकडे त्यांचे लक्ष असे. मिशा पुसत बाहेर येणाऱ्याला कुणी तरी विचारी, "काय, चहा?" तो म्हणे, "चहा." यापुढे चौकशी होत नसे.

त्यांचे वैर एका शब्दाशी होते. तो शब्द म्हणजे 'बघू'. सहकारातली सगळी मोठी माणसे हा शब्द वापरत. त्यात होकार नसे, नकारही नसे. बोलणाऱ्याचे काही जात नसे आणि ऐकणारा आशेने पुन्हा येत राही. व्यवस्थापकांच्या मते दुष्काळाने माणूस जेवढा खंगतो त्याहून अधिक 'बघू'ने खंगतो. या शब्दाचे शिकलेले भाऊबंदही त्यांना ठाऊक होते. 'विचाराधीन आहे', 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल', 'यथावकाश कळवू' असे काही पत्राच्या मसुद्यात आले की ते मसुदा लिहिणाऱ्याला बोलावून घेत आणि मनापासून विचारत, "यथावकाश म्हंजे किती वाजता?"

त्यांना पदवीधर हवे होते ते सरळ नाही म्हणण्याच्या कामासाठी.

संघाने सहायकाच्या जागेसाठी मुलाखती ठेवल्या तेव्हा बाकावर आम्ही तिघे होतो. उरलेले दोघे नुकतेच विद्यापीठातून बाहेर पडलेले, इस्त्रीच्या कपड्यांतले तरुण. मी अंबाजोगाईला शिकले; पण पदवीनंतर आईचे दीर्घ आजारपण निघाले, आणि माझ्या वर्गातल्या मैत्रिणींची मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा मी पहिल्या नोकरीसाठी त्या बाकावर बसले होते. तिघांना त्यांनी एकदमच आत घेतले. आमच्या प्रमाणपत्रांच्या फायली न उघडता परत केल्या.

"हे विद्यापीठानं बघितलेलं हाय. मी परत कावून बघू? आता असं समजा, मी दूध घालनारा हाय. माझ्या पोराला संघात चिकटवून घ्या म्हनतोय. जागा न्हाई, हे तुमाला ठाऊक हाय. बोला."

पहिला तरुण अदबीने म्हणाला, "आपला अर्ज ठेवून जा. आम्ही बघू."

व्यवस्थापकांनी दाराकडे बोट केले. दुसऱ्याने त्यावरून बोध घेतला. तो म्हणाला, "आपली विनंती वरिष्ठांपुढे सादर करून निर्णय यथावकाश कळवण्यात येईल." त्याला तो प्रसिद्ध प्रश्न विचारला गेला आणि तोही बाहेर गेला.

माझी पाळी आली तेव्हा 'जागा नाही' हे शब्द ओठांवरच राहिले. अनोळखी माणसांसमोर बोलायची वेळ आली की माझी मान आपोआप डावी-उजवीकडे थरथरते. ही लहानपणापासूनची खोड आहे. शाळेत गुरुजींना वाटे की मी त्यांच्याशी असहमत आहे. व्यवस्थापकांनी माझ्या मानेकडे पाहिले. मग शेजारच्या लेखापालाला म्हणाले, "हिनं न्हाई म्हनलं. आवाज मागनं यील."

अशी मी नोकरीला लागले. नेमणूक तात्पुरती होती. काही काळाने संचालक मंडळ कायम करील तर करील. वडील थकले होते, धाकटा भाऊ शिकत होता, आणि माझ्या वयाकडे पाहता दुसरे दार उघडण्याची शक्यता कमी होती. 'कायम' हा शब्द त्या काळात माझ्या मनातून क्षणभरही जात नसे.

ते मला नावाने हाक मारीत नसत. 'पदवीधर' म्हणत. "पदवीधर, हिकडं या." त्यात उपहास नव्हता, पाहुण्याला गावाच्या नावाने हाक मारावी तसे ते होते.

एकदा अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयाने त्यांना शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर बोलायला बोलावले. विषय होता, 'नव्या पदवीधरांकडून आमच्या अपेक्षा'. मी जीपमधून बरोबर गेले होते. प्राचार्यांनी त्यांचा परिचय दीर्घ आणि अलंकारिक करून दिला. मग व्यवस्थापक उठले, छत्री टेबलाला टेकवली आणि म्हणाले, "माझी एकच अपेक्षा हाय. न्हाई म्हनता आलं पायजे." आणि बसले.

सभागृहात कुणाला टाळ्या कधी वाजवायच्या ते कळेना. प्राचार्य घाईने उठून म्हणाले, "पाहुण्यांनी थोडे विस्ताराने सांगावे." हे पुन्हा उठले.

"तुमी हुशार हायात. हिशेब येतोय, विंग्रजी येतंय. त्यो समदा विस्तार विद्यापीठानं केलाय. पर गावाकडनं मानूस येतो त्याला तुमचा विस्तार नगं असतो. त्याला घरी जायाचं असतं. हो का न्हाई, एवढं कळलं की त्यो एसटी धरतो. तुमी त्याला एसटी चुकवायला लावू नका. झालं."

मागच्या बाकावरून एक मुलगा उभा राहिला. "सर, आणि हो म्हणायचं कुणी शिकवायचं?"

"हो म्हनायला पदवी कशाला लागती?"

मुले हसली. त्या मुलाला बळ आले. "मग सर, तुमच्या संघात मला नोकरी आहे का?"

"न्हाई," हे म्हणाले. "जागा एक होती, ती भरली." मग प्राचार्यांकडे वळून अत्यंत गंभीरपणे, "ह्या पोराला तेवढा चहा द्या."

आता मागे वळून पाहताना त्यांचा प्रत्येक नकार योग्यच होता असे मला म्हणवत नाही. डोंगरपट्ट्यातल्या एका वस्तीने दूध गोळा करणारी गाडी वळणापर्यंत पाठवावी अशी मागणी केली होती. यांनी नाही म्हटले. रस्ता नव्हता, हे कारण खरे होते. पुढे रस्ता झाला, तरी यांचे नाही तसेच राहिले. मी एकदा धीर करून ते सुचवले, तर म्हणाले, "त्यांनी तवा चहा पिलाय." नंतर आलेल्या व्यवस्थापकाने एका सकाळी ती गाडी सुरू केली, आणि त्यात अवघड असे काहीच निघाले नाही. नकार हा त्यांच्या लेखी आधी कर्तव्य होता. हळूहळू त्याचा थोडा अभिमानही झाला असावा.

घरी ते कसे होते, हे मला त्यांच्या पत्नीकडून एकदाच कळले. काही कागदांवर सही घ्यायला मी घरी गेले होते. वहिनींनी चहा समोर ठेवला आणि मी पेल्याला हात लावेना. त्या हसल्या. "प्या, प्या. ह्यो घरचा हाय, हापिसातला न्हाई." मी विचारले, घरीही ते असेच का? "न्हाई वो. घरी ते कधीच न्हाई म्हनत न्हाईत." मग त्यांनी जोडले, "काहीच म्हनत न्हाईत."

त्या उन्हाळ्यात संघाने जनावरांची छावणी उघडली. दूध देणारी जनावरे जगली तरच संघ जगणार होता. ट्रकांतून चाऱ्यासाठी उसाचे वाढे येत आणि फाटकावर अर्ज घेण्याचे काम माझ्याकडे होते. एके दिवशी व्यवस्थापकांनी सांगितले की छावणी आता भरली. नवे जनावर घेतले तर आतल्याच्या तोंडातला घास काढावा लागेल. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला काय सांगायचे ते उघड होते. ते सांगणे मला जमत नव्हते.

एका सकाळी एक जोडपे गाय आणि कालवड घेऊन आले. ते ऊसतोडीला जाणारे. त्या वर्षी दूर एका कारखान्याचा हंगाम लांबला होता आणि टोळी दुसऱ्या दिवशी पुन्हा निघणार होती. बैल बरोबर जाणार. गाय-कालवडीला कुठे तरी ठेवणे भाग होते.

"म्याडम, एवढी दोन घेता का?" नवऱ्याने विचारले.

"बघते," मी म्हणाले.

तो शब्द तोंडातून निसटला तसा निसटला. ती दोघे बाभळीच्या विरळ सावलीत बसली. मला बघायचे काहीच नव्हते. पण शब्द दिल्यामुळे मी उगाच वाढ्यांच्या ढिगाऱ्यांभोवती फिरून आले आणि टेबलाशी बसले. ऊन माथ्यावर आले तेव्हा छत्री घेऊन व्यवस्थापक तिथे आले.

"हे कोन?"

नवरा उठून उभा राहिला. "म्याडम बघते म्हनल्यात."

ते माझ्याकडे वळले. "बघितलं का?"

"हो."

"मग काय दिसलं?"

"सध्या जागेची थोडी..."

"सध्या काढा. थोडीबी काढा. काय ऱ्हायलं?"

"जागा नाही."

"मला कावून सांगता? मला ठाऊक हाय. त्यांना सांगा."

मी त्या बाईकडे पाहिले. "जागा नाही. घेता येणार नाही."

"आवं बाई, मंग सकाळीच म्हनायचं की!" ती रागावली नव्हती; नवल करीत होती. "माझा भाऊ हाय गोदाकाठाला. सकाळीच निघालो असतो तर दिस मावळायच्या आत गाय त्याच्या दारात बांधली असती."

चहा आला. नवरा नको म्हणू लागला, उशीर होतोय म्हणाला. व्यवस्थापक म्हणाले, "घ्या. उशीर आमीच केलाय." दोघांनी उभ्या उभ्याच चहा संपवला. जाता जाता बाईने पेला माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "न्हाई असंल तर न्हाई म्हनावं, बाई. आमाला त्याची सवय हाय."

कालवड थोडी मागे ओढत होती. ती रस्त्याला लागेपर्यंत व्यवस्थापक छत्री धरून उभे होते. मला ते फार बोलले नाहीत. "बघू म्हंजे दुसऱ्याचा दिवस खानं," एवढे म्हणून जनावरांच्या दावणीकडे गेले. त्या दिवसापासून फाटकावर मी नाही म्हणू लागले. खालच्या आवाजात, पण म्हणू लागले.

संघाचे अध्यक्ष म्हणजे आबा. मोठे जमीनदार, गोड माणूस, तालुक्याच्या राजकारणातला शेवटचा शब्द. ते व्यवस्थापकांचे बरोबर उलटे टोक होते. त्यांच्या बंगल्यावर पायरी चढताच कपबशीतून सायीचा चहा येई. ते प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवत. कुणालाही रिकाम्या हाताने परत पाठवत नसत; 'बघू' घेऊन पाठवत. खरे पाहता दोघांचे छान जमत होते. नकाराचे काम हे करीत आणि त्यामुळे आबांना सगळ्यांशी गोड राहता येत असे. हे जमणे मोडले ते एका टँकरवरून.

आबांच्या पुतणीचे लग्न ठरले होते. विहिरी तळाला गेलेल्या, वऱ्हाड मोठे. त्या दिवशी संघात साऱ्या दूध संस्थांच्या सचिवांची बैठक होती आणि अंगण माणसांनी भरले होते. आबा स्वतः व्यवस्थापकांच्या खोलीत आले आणि बसले. मी पलीकडच्या टेबलाशी होते.

"साहेब, आपला दुधाचा टँकर एक दिवस द्या. गोदावरीवरनं पानी आनतो. लगीनघर हाय."

यांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून ऐकले. मग उघडले.

"न्हाई."

"अवो, अध्यक्ष हाय मी संघाचा!"

"म्हनूनच न्हाई. दूध संघाच्या टाकीत खुद्द अध्यक्षानं पानी भरलं म्हनल्यावर, आबा, तालुक्याला हसायला वरीसभर पुरंल."

आबांना विनोदाची जाण होती. ते आधी स्वतःच हसले. प्रकरण कदाचित तिथेच संपले असते. पण व्यवस्थापकांनी दाराकडे तोंड करून हाक दिली, "मामा, चहा आना."

मामा दारात आले आणि तसेच थबकले. "आबांना?" त्यांनी हळूच विचारले. "आबांना," हे म्हणाले. दुसऱ्या कुणी आबांना वगळले असते. पण रीत ती रीत. आबांना पेला घ्यावाच लागला, कारण चहा नाकारणे हेही त्यांच्या स्वभावात बसत नव्हते. खिडकी उघडी होती. लिंबाखालची सगळी बैठक एकाएकी गप्प झाली आणि मग कुणाला तरी हसू आवरले नाही. संध्याकाळपर्यंत आबांना चहा मिळाल्याची बातमी अंबाजोगाईपर्यंत गेली होती म्हणतात.

त्याच हंगामात व्यवस्थापकांचे निवृत्तीचे वय झाले. त्यांनी मुदतवाढ मागितली होती. खुर्चीचा लोभ असेल असे मला वाटत नाही. छावणी चालू होती, आणि ती उठेपर्यंत त्यांना थांबायचे होते. "जनावरं आपल्या पायानं घरला गेली की मीबी जाईन," असे ते म्हणाले होते. आबांनी त्यांना तोंडी उत्तर दिले होते, "बघू की." आणि नवल असे की या एका 'बघू'वर त्यांनी विश्वास ठेवला. रोज दुपारी, सहज विचारल्यासारखे, ते मला विचारीत, "पदवीधर, मंडळाकडनं काय आलं का?"

मंडळाच्या बैठकीत कागदपत्रे पुरवायला मी हजर होते. त्यांचा विषय निघाला तेव्हा सगळे संचालक पंख्याकडे पाहू लागले. आबा म्हणाले, "पुढं बघू." एका नव्या संचालकाने भाबडेपणाने विचारले, "म्हंजे न्हाईच न्हवं?" आबांना ते आवडले नाही. "तसं कशाला म्हनायचं? चांगला मानूस हाय, दुखावंल. महिना सरला की आपोआप कळतंय."

जिन्यात त्यांनी मला थांबवले. आवाज नेहमीसारखाच मायेचा होता. "ताई, साहेबानं इचारलं तर बघू म्हनलेत, एवढंच सांगा. आन् तुमचं कायम करायचंबी पुढच्या बैठकीत हाय. ते बी बघू."

जिना उतरताना मला माझ्या मानेची थरथर जाणवत होती. व्यवस्थापक खोलीत एकटेच होते. मी दारात उभी राहिले.

"आलं का काय?"

"नाही," मी म्हणाले.

"अजून न्हाई आलं?"

"आलं. मुदतवाढ नाही."

त्यांनी चष्मा काढला. तो पुसला. मग न पाहताच म्हणाले, "कारन?"

एका वाक्यात सांगायचे होते. "मंडळाला नाही म्हणणारा माणूस नको आहे."

त्यांनी चष्मा घातला आणि माझ्याकडे पाहिले. "आला बघा आवाज," ते म्हणाले.

मी वळून अंगणाकडे हाक मारली. मामा लिंबाखाली होते, आणि मला त्यांना दोनदा हाक मारावी लागली नाही. "मामा, चहा आणा."

मामा दारापर्यंत आले. खोलीत पाहुणा कुणी नव्हता. "कुनाला?" त्यांनी विचारले.

"साहेबांना."

मामांनी आधी माझ्याकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिले. काही न विचारता ते गेले आणि चहा घेऊन आले. व्यवस्थापकांनी तो सावकाश, शेवटपर्यंत प्यायला. अंगणात त्या वेळी जी दोनचार माणसे होती ती खिडकीकडे पाहत होती.

"तुमचं काय झालं? कायम करायचं?" पेला ठेवून त्यांनी विचारले.

"बघू म्हणाले."

"मग तुमचा चहा ऱ्हायलाय अजून," ते म्हणाले आणि पुढ्यातला कागद ओढून घेतला.

निरोपाच्या दिवशी आबांनी भाषणात त्यांचे मनापासून कौतुक केले आणि संघ त्यांच्या अनुभवाचा पुढेही कसा उपयोग करून घेता येईल ते बघेल, असे आश्वासन दिले. सभेतल्या मागच्या रांगांमध्ये हशा पिकला. आबांना कारण कळले नाही, की कळले, सांगता येत नाही. व्यवस्थापकांनी हार काढून मामांच्या हातात दिला, छत्री घेतली आणि फाटकाशी येऊन रोजच्यासारखे म्हणाले, "जातो." त्या दिवशी मामांनी त्यांचा शब्द दुरुस्त केला नाही. फक्त म्हणाले, "या, साहेब."

पाऊस लागून छावणी उठेपर्यंत ते रोज सकाळी फाटकाबाहेर येऊन उभे राहत. मी आत या म्हणत असे. "आता न्हाई," ते म्हणत. शेवटची गाय बाहेर पडली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते दिसले नाहीत.

माझ्या कायम होण्याकडे मंडळ पुढे बरेच दिवस बघत राहिले. बैठकी होत, विषय पुढे जाई. नव्या व्यवस्थापकांनी मला समजावले की अशा बाबतीत घाई करून चालत नाही. घरी वडील काही विचारीत नसत. मी आल्यावर फक्त माझ्या चेहऱ्याकडे पाहत. शेवटी एका सकाळी मी आबांच्या बंगल्यावर गेले. असे कुणाच्या दारात काही मागायला जाण्याची ती माझी पहिलीच वेळ होती.

ओसरीवर पाचसहा माणसे कपबशा घेऊन बसली होती. आबांनी मला पाहताच आत आवाज दिला, "अगं, चहा ठेव गं, संघातल्या ताई आल्यात." आणि मला म्हणाले, "बसा ताई. कसं काय चाललंय? तुमचं हाय माझ्या ध्यानात. बघू आपुन."

मी बसले नाही. मान थरथरत होती. ती थरथरू दिली.

"आबा, चहा नंतर. आधी हो की नाही, ते सांगा."

ओसरीवरच्या कपबशांचा आवाज थांबला. आबांच्या चेहऱ्यावरचे हसू जागेवर राहिले, पण डोळे माझ्याकडे लागले.

"लई शिकवलं त्यानं तुमाला," ते म्हणाले.

"नाही असेल तरी चालेल. आज कळले म्हणजे मला दुसरीकडे अर्ज करता येईल."

मला वाटते, उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला तोंडावर नाही म्हटले नव्हते, आणि सरळ होही म्हटले नव्हते. दोन्ही शब्द त्यांच्या जिभेला सारखेच परके होते. त्यांनी ओसरीवरच्या माणसांकडे पाहिले. सगळी माणसे तालुक्यातलीच होती, चहा मिळाल्याचा आणि न मिळाल्याचा अर्थ जाणणारी. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली.

"अगं," ते जरा मोठ्याने म्हणाले, "चहा ऱ्हाऊ दे."